कात्र्या डब्यात

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. ते सध्या राखून ठेवले आहेत. तुझं उत्तर आलं की बघू.

फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. 'हो ताई, कळलं ताई, मीटिंगमध्ये आहे ताई' म्हणून मोकळा होतोस. आणि तसंही, तुझ्या कंपनीचं लेझर मशीन बसवून गेलास त्या दिवशी कारखान्याच्या जिन्यात आपलं जे वाजलं, त्यानंतर आपण बोललोच कुठे? मशीन आल्याबरोबर मालकांनी हातानं कापणारी सगळी माणसं घरी बसवली, एक नाना तेवढे ठेवले. मी बोलले तर तू म्हणालास, ताई, तुला नवीन काही पचत नाही. मी म्हणाले, तुला माणसं दिसत नाहीत. मग दोघांनीही तोंडाला कुलूप लावलं. पत्र मात्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. लहानपणापासून तू माझा ओरडा शेवटपर्यंत ऐकून घेतोस आणि मग स्वतःला हवं तेच करतोस.

तर ऐक. आमच्याकडे सगळं गंजतंय.

थट्टा नाही. बॅगा शिवायच्या मशीनच्या सुया गंजतात. दाराच्या बिजागऱ्या करकरतात. खिडकीचे गज हाताला तांबडे लागतात. चेनचे रनर खोक्यातून काढावेत तर ठिपके पडलेले. मालक म्हणाले, तेल हलकं येतंय. तेल बदललं. मग म्हणाले, बायकांच्या हाताला घाम फार येतो. आता इतकी वर्षं आमच्या हाताला काय अत्तर येत होतं? पण म्हटलं असेल, हवा दमट असेल.

आमच्या धंद्यात कात्री म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आपल्या आईची कात्री तू पतंगाचा कागद कापायला घेतली होतीस तेव्हा काय मार खाल्ला होतास! आपली कात्री कोणी कोणाला देत नाही, मागत नाही, उसनी घेत नाही. तर नानांनी आधी आपली कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. काम झालं की लगेच डब्यात. त्यांचं पाहून आक्कानं डबा आणला. आक्का म्हणजे शिलाईच्या पहिल्या मशीनवर बसते ती, तुझ्या शर्टाच्या रंगावरून तुझी टर उडवली होती ती. मग एकेक करत सगळ्यांनी आणले. मीच फडकी फाडून वाटली, तेल मीच दिलं. आमच्या मजल्यावर प्रत्येकीच्या पायाशी एक डबा आहे, बघणाऱ्याला वाटेल सगळ्यांनी एकदमच जेवण आणलंय.

गेल्या आठवड्यात आक्कानं डबा उघडला, कात्री काढली, उजेडात धरली. तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. पाच मिनिटं खोकत होती बिचारी. डोळे पुसले आणि म्हणाली, "कात्री छान राहिलीय हो!" सगळ्या हसल्या. मीही हसणार होते, पण हसू आलं नाही. मी सगळ्यांकडे बघितलं. डोळे लाल. नाकं चोळून चोळून सोललेली. आम्ही लोखंड डब्यात घातलं, झाकण लावलं, आणि स्वतः त्याच हवेत उघड्या बसलो! इतक्या बायका, एकीच्याही डोक्यात आलं नाही की लोखंडाचं जे होतंय ते आपलं काय होत असेल.

म्हणून विचारते. त्या मशीनमधून काय निघतं? तू ते बसवलंस, तुला माहीत असणार. त्याच्या मागे एक छोटा पंखा आहे, तो धूर ओढतो आणि आमच्याच खोलीत सोडतो. वास कसा, तर नाकात सुई टोचल्यासारखा.

बारकी मशीनवरच असते. तूच शिकवलंस ना भाचीला. तिला थोडा खोकला आहे, विशेष काही नाही.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राला पत्रानं उत्तर द्यायची तुझी रीत नाही. फोन आला. ऐकला. आता मी लिहिते ते वाच, कारण फोन ठेवल्यापासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

तू काय म्हणालास? "रेक्झिन कापता का त्यात? अगं, ते त्यात घालायचंच नसतं. तापलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. हे सगळ्यांना माहीत असतं, ताई."

सगळ्यांना म्हणजे कोणाला रे? नानांना? आक्काला? तुझ्या भाचीला, जी दिवसभर त्याच्या झाकणावर ओणवी होऊन बसते? 'सगळ्यांना माहीत असतं' हे तू असं म्हणालास जसं काही आम्हीच वेंधळ्या, दूध चुलीवर ठेवून विसरलो. आमच्याकडे बॅगा रेक्झिनच्या होतात. पहिल्यापासून. मालकांनी मशीन घेतलं तेच रेक्झिन कापायला. भिंतीला रेक्झिनचे तागे टेकून उभे होते, त्यांच्याच सावलीत तू पेटी उघडलीस. आणि चाचणी कशावर घेतलीस? मला आठवतं, कारण मी पुढेच उभी होते. लाल रेक्झिनवर! त्याचं फुलपाखरू कापून बारकीच्या हातावर ठेवलंस. पोरगी हरखून गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तेव्हा तुला माहीत होतं. टाळ्या घेताना माहीत होतं.

मला हे कळत नाही की माहीत असलेली गोष्ट माणूस गिळतो कशी. एक वाक्य होतं. 'मालक, यात हा माल चालणार नाही.' पण ते बोललास तर मशीन खपत नाही. बरोबर ना? मला शहाणपण शिकवू नकोस, मी मुकादम आहे, माल खपवायला कोण काय गिळतं ते मी रोज बघते. पण तिथे आपली माणसं होती.

मालकांकडे गेले. म्हटलं, मालक, भाऊ म्हणतो हा माल त्यात घालू नका. ते हिशेब करत होते, मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ तुम्हाला म्हणतो. मला कंपनीचा माणूस काही म्हणाला नाही."

"कंपनीचा माणूस म्हणजे माझा भाऊच ना!"

"मग त्याला कंपनीचा माणूस म्हणून सांगू दे. घरातलं भांडण इथे नको." आणि मग हळूच, अगदी प्रेमानं, "कोणी दवाखान्यात पडलंय का? नाही ना? पडलं की बघू. मी काय माणसांचा वैरी आहे?"

पडलं की बघू! मी तरातरा जिन्यात निघून आले. म्हणजे आधी कोणी तरी पडायला हवं. त्याशिवाय कोणाला काही दिसणार नाही. मोरीत शेवाळ दिसलं तर आपण घासतो की कोणाचं तंगडं मोडेपर्यंत वाट बघतो?

मला जास्त काही नको. तू मालकांना स्वतःच्या तोंडानं सांग, कंपनीचा माणूस म्हणून, की लेझरमध्ये रेक्झिन घालायचं नाही. ते नाना आणि घरी बसवलेली माणसं हातानं कापतील, त्यांना बोलवा. कापड आणि पुठ्ठा मशीनवर घ्या. एवढंच. रागावले असले तरी तुझी बहीण आहे, म्हणून विनंती म्हणते. दुसऱ्या कोणाला हे विनंतीसारखं वाटलं नसतं.

ताई


९ मार्च

धाकट्या,

पंखा बसला. तू मालकांना फोन केलास म्हणे. काय सांगितलंस? माल बदला असं नाही सांगितलंस. 'मोठा पंखा लावा आणि पाइप बाहेर काढा' असं सांगितलंस. दोन माणसं आली, मागच्या भिंतीला भोक पाडलं, जाड पाइप बाहेर काढला, आणि घोंऽऽ आवाज सुरू.

खरं सांगू? पहिले काही दिवस बरं वाटलं. वास गेला. आक्काची उबळ कमी झाली. बायकांनी कात्र्या डब्यांतून काढून टेबलावर ठेवल्या. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं का समाधान?" मीही मनातल्या मनात म्हटलं, चला, भाऊ अगदीच वाया गेला नाही. आशीर्वाद लिहून टाकावेत असंही आलं होतं मनात. बरं झालं घाई केली नाही.

परवा पाळणाघराच्या बाई आल्या. आमच्या मागे अरुंद बोळ आहे, बोळाच्या पलीकडे पाळणाघर. बायका कामावर येताना पोरं तिथेच सोडतात, आमच्यातल्याही चौघी-पाचजणी सोडतात. बाई कधी कोणावर आवाज चढवत नाहीत. त्यांच्या हातात झोपाळ्याची साखळी होती. टेबलावर ठेवली तर तिची तांबडी भुकटी पडली.

"एवढ्यात नवी घेतली होती," त्या म्हणाल्या. "पोरांचे डोळे चुरचुरतात. दुपारी झोपत नाहीत, नुसती किरकिर. मला वाटलं साथ आहे. मग वर बघितलं तर तुमचा पाइप."

 आक्काचा नातू तिथेच असतो. तिनं साखळी हातात घेतली, परत ठेवली, आणि बाहेर निघून गेली.

मालक म्हणाले, "पाइप उंच करू." उंच करून जाणार कुठे? खाली येणारच ना ते! आपल्या घरातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटायचा आणि म्हणायचं घर स्वच्छ झालं. हा उपाय तू सुचवलास, इतका शिकलेला माणूस. तुला हेही माहीत असणार की ती वाफ धुऊन सोडायचं यंत्र वेगळं मिळतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला. तू नाही.

डॉक्टरीणबाई कुठून आल्या असं विचारशील. आता लिहितेच. बारकीनं शपथ घातली होती की मामाला कळवायचं नाही. पहिल्या पत्रात 'विशेष काही नाही' लिहिलं ते तिच्यासमोर बसून लिहिलं, ती खांद्यावरून वाचत होती. आज ती झोपलीय. भर दुपारी झोपते आता, सुट्टीच्या दिवशी.

तिला दम लागतो. खोकला नाही, दम. आपल्या घराचा जिना तुला माहीत आहे, दोन दोन पायऱ्या उड्या मारत चढायची ती. आता मधल्या वळणावर थांबते आणि चप्पल नीट करतेय असं दाखवते. रोज तिथेच कशी रे चप्पल सैल होते?  एके दिवशी ओठ निळसर दिसले तेव्हा हाताला धरून दवाखान्यात नेलं. नळीत फुंकायला लावलं, पुन्हा पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं काम काय करतेस, हिनं सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, श्वासाच्या नळ्या आतून भाजल्यासारख्या झाल्यात. औषधानं आराम पडेल. पूर्वीसारखं होईल का, याला त्या नाही म्हणाल्या नाहीत, पण हो पण म्हणाल्या नाहीत. तिथून मात्र आधी उठा, असं म्हणाल्या.

उठेल तर ती बारकी कसली! "मशीन मलाच येतं आई. मी उठले तर आक्काच्या सुनेला बसवतील. ती कालपरवा कामाला लागलीय, तिचं बाळ अंगावर पितंय." मी घरात आई आणि तिथे मुकादम, आणि दोन्हीकडे माझं काही चालत नाही. मालकांना डॉक्टरांचं सांगितलं. म्हणाले, "दमा घराण्यात असेल." आपल्या घराण्यात, धाकट्या! आपला बाप शेवटपर्यंत कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन तिसरा मजला चढला.

तूच तिचा लाडका. अजून कोणी तुला नावं ठेवली की ती माझ्याशी भांडते. "मामाला माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं." तुझ्या फोनचं मी तिला सांगितलेलं नाही. का नाही सांगितला ते मला विचारू नकोस.

पाळणाघराच्या बाईंनी आणि मी मिळून तक्रार केली. सत्तावीस तारखेला फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. मालकांनी तुमच्या कंपनीला बोलावलंय, म्हणजे तू येशीलच. तिथे एकच गोष्ट सांग, जी मला फोनवर सांगितलीस. त्यात हा माल घालायचा नसतो. बस. बाकी मी बघते.

ताई


३० मार्च

धाकट्या,

तू तिथेच होतास, तरी लिहिते. कारण तू घरी न येता परस्पर गाडीत बसून गेलास आणि आता स्वतःला काय काय सांगत बसला असशील ते मला ठाऊक आहे.

कडक इस्त्रीचा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. बाजूला तुझे साहेब, ते बोलत असताना तू मान हलवत होतास. इन्स्पेक्टर चांगले वाटले मला, घाईत होते पण ऐकत होते. त्यांनी सरळ विचारलं, "या यंत्रात हा माल कापणं धोक्याचं आहे का?" मी तुझ्याकडे बघत होते. आणि तू म्हणालास, "तसं अजून कुठे सिद्ध झालेलं नाही."

 तुझे साहेब म्हणाले, "पंखाही बसवलेला आहे, साहेब. आमच्याकडून पूर्ण काळजी घेतली जाते." मालक म्हणाले, "बाईंचा घरगुती राग आहे." इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले.  इतकी पत्रं लिहिणारी मी, आणि ऐन वेळी जीभ टाळूला चिकटली. रागानं चिकटली, भीतीनं नाही, हे लिहून ठेवते.

बारकी मात्र तुझ्याकडेच बघत होती. तिला तेव्हा कळलं. फोनचं मी सांगितलं नव्हतं, तरी कळलं. तुझा आवाज तिला पाठ आहे. तू खोटं बोलतोस तेव्हा 'तसं' म्हणून सुरुवात करतोस, हे तिनंच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

ती मशीनपाशी गेली. लाल तागा ओढला, तुकडा लावला. आणि तुला विचारलं, "मामा, पंखा चालू ठेवला तर ते पाळणाघरात जातं. बंद ठेवला तर इथे राहतं. कुठे पाठवू?"

तू म्हणालास, "बारके, असं नसतं गं."

"कुठे पाठवू ते सांग ना. तू शिकवलंस तेव्हा एवढंच राहिलं होतं."

तिनं पंखा बंद केला. घोंघों थांबली तसा पलीकडच्या पोरांचा कालवा ऐकू आला. मशीन सुरू केलं आणि तिथेच उभी राहिली, रोज उभी राहते तशी, ओणवी. मी पुढे झेपावले, पण मी लांब होते. तू जवळ होतास. तुझे साहेब तर केव्हाच दारात जाऊन उभे राहिले होते, नाकाला रुमाल लावून! सिद्ध न झालेल्या वाफेला रुमाल. आणि तू शर्टाच्या बाहीनं नाक दाबलंस, दुसऱ्या हातानं लाल बटण हाणलंस, मशीन बंद, आणि तिला दंडाला धरून खिडकीकडे ओढत नेलंस. "वेडी आहेस का? मरायचंय का तुला?" ओरडलास की नाही? सगळ्या मजल्यानं ऐकलं.

इन्स्पेक्टर तुझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सिद्ध झालेलं नाही म्हणता. मग ओढलंत का तिला?"

तू साहेबांकडे बघितलंस, मग जमिनीकडे. तरी इन्स्पेक्टरांना काय ते समजलं. त्यांनी मशीनला सील ठोकलं. रेक्झिन हातानंच कापायचं, आणि बाकी मालासाठीही वाफ धुणारं यंत्र बसल्याशिवाय सील निघणार नाही. घरी बसवलेल्या कापणाऱ्यांना कामावर या म्हणून सांगायला नाना गेलेत. मालक माझ्याशी बोलत नाहीत, हा एक फायदाच.

तुला वाटत असेल, 'शेवटी मीच वाचवलं तिला.' वाटू दे. बटण दाबलंस ते खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण मला सारखं एकच येतं डोक्यात. भाची डोळ्यांसमोर मरायला उभी राहिली तेव्हा तुझा हात हलला. जी डोळ्यांसमोर नाही तिच्यासाठी तोंडसुद्धा हललं नसतं. आक्काच्या सुनेसाठी हललं असतं का? त्या झोपाळ्यावरच्या पोरांसाठी?

त्या दिवशी संध्याकाळी बारकीला औषधाची वाफ द्यावी लागली. ती माझ्यावर चिडलीय, फोनचं लपवलं म्हणून. तुझ्यावर चिडली नाही. तुझं नावच काढत नाही.

ताई


२२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. खरंखुरं पत्र, तुझ्या त्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना रडू आलं, ते सांगायला मला लाज नाही.

तू लिहितोस की साहेबांनी तुला धारेवर धरलं. लिहितोस की झोप लागत नाही. लिहितोस की रजा टाकलीय, येत्या आठवड्यात इकडे येतो, बारकीपाशी बसतो, चांगल्या डॉक्टरांना दाखवू, माझ्या ऑफिसात तिला बसून करायचं काम लावून देतो. चांगलं लिहिलंयस. आपली आई असती तर म्हणाली असती, पोरगं मनानं वाईट नाही. नाहीसच. तुला वाईट म्हणणं मला किती सोपं गेलं असतं!

पत्र बारकीला वाचून दाखवलं. ती खिडकीत बसली होती. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "मामाला लिही, येऊ नको."

मी म्हटलं, "अगं, माफी मागतोय तो."

"मागू दे ना. मी कुठे नको म्हणते? पण इथे येऊन काय करणार? माझ्या उशाशी बसून रडेल, तू चहा करशील, मी त्याला हस म्हणेन. मग त्याला बरं वाटेल आणि तो परत जाईल."

एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. मी पाणी दिलं. मग ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, माझं त्यात काही नाही.

"आई, इथे मशीन बंद आहे. माझं जे व्हायचं ते झालंय, मी औषध घेतेय, तू आहेस. पण मामानं बसवलेलं हे एकच मशीन आहे का? मला शिकवताना फुशारक्या मारायचा, आज या गावात, उद्या त्या गावात. प्रत्येक ठिकाणी त्यानं एकीला तरी शिकवलं असेल. माझ्यासारखीच. त्यातल्या कितीजणींना अजून काही झालेलं नसेल!"

 सगळा राग मी एकटीनं केला असं मला वाटत होतं. माझा राग आमच्या चार भिंतींतून बाहेर गेलाच नव्हता.

तेव्हा धाकट्या, ती रजा मोडू नकोस, पण इकडे येऊ नकोस. कुठे कुठे मशीन बसवलंस ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. त्या प्रत्येक ठिकाणी जा. मालकांच्या केबिनमध्ये बसू नकोस, वर मजल्यावर जा, मशीनपाशी जी असेल तिच्याशी बोल. कंपनी हाकलेल. हाकलू दे. माझ्या घरात तुझी खाट अजून आहे, त्यावर मी कपडे वाळत घालते, ते काढेन. सगळीकडे जाऊन झालं की ये. तोवर तुझी भाची तुझी वाट बघतेय असं समज, कारण ती बघतेय, कितीही नाही म्हणाली तरी.

आणि तिथे दारात तुला अडवतील. माझ्या मालकांनी मला विचारलं तेच विचारतील, की बाबा रे, इतक्या लांबून धावत आलास, इथे आजारी कोण पडलंय?

त्यांना सांग, अजून कोणी नाही. म्हणूनच आलोय.

अनेक आशीर्वाद.

तुझी ताई